दुधी आवडेपर्यंत

मी मुलांना फसवून भाज्या खायला घातल्या, असं आमच्या सोसायटीत आता उघड उघड बोललं जातं. लिफ्टमध्ये मी शिरलो की लहान मुलं आपापले डबे छातीशी धरतात. माझं एवढंच म्हणणं आहे की ‘फसवणं’ हा फार मोठा शब्द झाला. मी लपवलं. लपवणं आणि फसवणं यांत फरक आहे, आणि तो नेमका काय आहे ते मी अजून शोधतोय.

आमची अनुया तिसरीत आहे. तिच्या ताटात पांढरा रंग सोडून दुसऱ्या रंगाला प्रवेश नव्हता. भात, इडली, डोसा, पनीर, आणि फारच आग्रह केला तर पोळीचा डाग न पडलेला भाग. धाकटा विनायक पाच वर्षांचा आहे आणि त्याला स्वतःचं मत म्हणून नाही. ताई ताटात जे बाजूला ढकलते ते तोही ढकलतो. पोह्यांतली कोथिंबीर दोघं मिळून अशी वेचून काढायची की बघत राहावं. एवढं लक्ष अभ्यासात नसतं.

मे महिन्यात अनुया चक्कर येऊन जिन्यातच बसली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिनचा आकडा बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. गोळ्या लिहून दिल्या, पण म्हणाल्या, “गोळ्यांवर किती दिवस काढणार? भाज्या पोटात गेल्या पाहिजेत.” त्या पोटात कशा जाणार ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही. येताना रिक्षात अनुया माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिचं मनगट माझ्या हातात होतं. एवढंसं मनगट. काही झालं तरी या पोरीच्या पोटात भाजी घालायचीच, असं मी तिथे, नव्या पनवेलच्या सिग्नलला, ठरवून टाकलं.

आता आपण काही ठरवलं आणि शेजाऱ्यांना कळलं नाही, असं आपल्याकडे होत नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकरकाका एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, “उदयसिंह, पानात पडलं की संपवायचं, हा नियम करा. नियमाला अपवाद करू नका.” मी नियम केला. अनुया पानासमोर दुपारी बसली ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली, आणि शेवटी नियमच उठून गेला.

सुकापूरच्या रस्त्यावर किशोरीताई भाजी घेऊन बसते. तिला मी विचारलं, तुमची मुलं कशी खातात हो भाजी? ती म्हणाली, “आमी नाय असलं काय विचारत पोरांना. हाय ते खायाचं, नाय तर उठायचं.” मग माझ्याकडे जरा दयेने बघून तिने पिशवीत एक दुधी जास्तीचा टाकला.

शेजारच्या पद्मजाकाकू तेवढ्या वेगळं बोलल्या. शाळा सुटली की आम्ही दोघं ऑफिसातून येईपर्यंत मुलं त्यांच्याकडेच असतात. “ओरडू नकोस रे तिला,” त्या म्हणाल्या. “ओरडलं की घास घशात अडकतो.”

कल्पना मला सुचली ती डोशामुळे. अनुयाने एका रविवारी डोशाबरोबर विकतचा टोमॅटो सॉस बोटाने चाटूनपुसून खाल्ला. मी बघत होतो. मुलीला लाल रंग चालतो! ती लाल पातळ पदार्थावर विश्वास ठेवते! मग त्या लाल पातळ पदार्थात काय काय असू शकतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात जो घुसला तो घुसलाच.

मी मितालीला सांगितलं. आमची ही बँकेत आहे. कुठल्याही गोष्टीकडे कर्ज बुडणार आहे अशा नजरेने बघायची तिला सवय आहे. ती म्हणाली, “मला हे पटत नाही. उद्या तिला कळलं तर?”

“कोण सांगणार आहे तिला?”

“तू,” मिताली म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

पहिला सॉस पालकाचा केला. हिरवागार झाला. अनुयाने लांबूनच “पालक” असं नाव घेतलं आणि ती खोलीत निघून गेली. दुसऱ्या खेपेला बीट, लाल भोपळा आणि टोमॅटो मिक्सरमध्ये घातले आणि झाकण धरायला विसरलो. छतावर जो लाल डाग पडला तो अजून आहे. येणारा प्रत्येक पाहुणा मान वर करून बघतो आणि काही न विचारता गप्प बसतो, हे जास्त लागतं. तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. टोमॅटो, बीट, लाल भोपळा, आणि सॉसला अंग यावं म्हणून उकडलेला दुधी. वर थोडा गूळ, थोडं जिरं. अनुयाने बोट बुडवलं, चाटलं, आणि वाटी जवळ ओढली. मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं दार उघडून उगाच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कुणाला दिसायला नको होतं.

माणसाला यश मिळालं की तो थांबत नाही, तसा मीही थांबलो नाही. एकदा वांगं गॅसवर भाजून, सोलून त्यात घोटलं. काय चव आली म्हणून सांगू! खमंग, जरा धुरकट, हॉटेलात पैसे देऊन मिळणार नाही अशी. “बाबा, आजचा बेस्ट आहे,” अनुया म्हणाली. त्या दिवसापासून वांगं कायम झालं. रोज डब्यात सॉस, डोशाला सॉस, भाताला सॉस. एक बाटली पद्मजाकाकूंकडेही गेली, दुपारच्या खाण्यासाठी. काकूंना आत काय आहे ते सांगितलं नव्हतं. काकू मनाच्या फार चांगल्या, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि मुलं रोज दुपारी त्यांच्याच पुढ्यात.

मग बिटाने दगा दिला. एके सकाळी विनायक बाथरूममधून किंचाळला. मितालीने आत जाऊन बघितलं, तर शू लालभडक! तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि आम्ही सगळे तसेच डॉक्टरबाईंकडे. त्यांनी विचारलं, “काल काय खाल्लं होतं?” मिताली माझ्याकडे बघायला लागली. अनुया माझ्याकडे बघत होती. विनायक तर बघतच होता. मी म्हटलं, “डॉक्टर, जरा बाहेर येता का?” बाहेर, चपलांच्या रॅकपाशी, मी त्यांच्या कानात सगळं सांगितलं. “बीट!” असं म्हणून त्या इतक्या मोठ्याने हसल्या की कंपाउंडर उठून आला. आत जाऊन त्यांनी गंभीरपणे सांगितलं की काळजीचं कारण नाही. आणि निघताना मला हळूच विचारलं, “कसा करता तो? आमचा मुलगाही भेंडीशिवाय काही खात नाही.”

महिन्याभराने अनुयाचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा वर सरकला होता. गोळ्यांमुळे की सॉसमुळे, हे विज्ञान ठरवील. मी आपला सॉसला नमस्कार केला.

गोष्ट सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचली. रिकाम्या बाटल्या माझ्या दाराशी यायला लागल्या. सगळ्या आयांना आत भाज्या आहेत हे माहीत, आणि एकाही मुलाला नाही, असा तो मामला होता. शनिवार-रविवार मी सालं काढत बसायचो. ऑफिसात माझ्या बोटांकडे बघून साहेबांनी विचारलं, “लग्नकार्य होतं का?” बोटं मेंदी लावल्यासारखी लाल झाली होती.

त्या सालांनीच घात केला. कमलाकरकाका ओल्या कचऱ्याच्या बादल्या स्वतः तपासतात. एका सकाळी त्यांनी बेल वाजवली.

“तुमच्या घरात माणसं चार. दुधीची सालं मात्र वीस माणसांची. घरात केटरिंग चालू केलंय का?”

“नाही हो काका, सॉस करतो. मुलांसाठी.”

“निवासी गाळ्याचा व्यावसायिक वापर झाला की कमिटीची ना-हरकत लागते.”

“पण मी पैसे घेत नाही.”

“मग तर जास्तच संशयास्पद आहे,” काका म्हणाले. दोन अर्ज झाले, एक कमिटीची मीटिंग झाली. मीटिंगमध्ये मिक्सरचा आवाज, लिफ्टमधून जाणाऱ्या बाटल्या आणि माझी नियत या तिन्हींवर चर्चा झाली. शेवटी तोडगा निघाला. सोसायटीच्या गणपतीत आनंदमेळा असतो, घरोघरचे स्टॉल असतात. तिथे माझ्या सॉसचा स्टॉल लावायचा आणि जमा होईल ते गणपतीच्या पेटीत टाकायचं. म्हणजे सार्वजनिक कार्य झालं. सार्वजनिक कार्याला काकांची हरकत नसते.

मेळ्याच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मांडव भरला होता. मी डोसे घालत होतो, मिताली वाटून देत होती, आणि अनुया नवा परकर-पोलका घालून मोठ्या चमच्याने सॉस वाढत होती. “आमच्या बाबांनी केलाय!” असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. रांग गेटपर्यंत गेली होती. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी. कमलाकरकाका माईक घेऊन फिरत होते. ते आमच्या स्टॉलपाशी आले आणि म्हणाले, “आता या सॉसविषयी आपल्या ज्येष्ठ सभासद पद्मजाताई दोन शब्द बोलतील.”

काकूंच्या एका हातात डोशाची डिश, दुसऱ्या हातात माईक आला. त्या लाजल्या, मग बोलायला लागल्या.

“मी बाहेरचं काही खात नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यांच्याबरोबर काशीला गेले होते तेव्हा मी वांगं सोडलं. जन्मभरासाठी. हॉटेलात कशात काय घालतील, कोण सांगणार? पण आमच्या उदयच्या घरचं मी डोळे मिटून खाते.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा डोसा तव्यावरच राहिला.

सांगायची गरज नव्हती, हे मला कबूल केलंच पाहिजे. कुणी काही विचारलं नव्हतं. काकू खुशीत होत्या, मुलं खात होती, अनुया हातात चमचा घेऊन माझ्याकडे अभिमानाने बघत होती, आणि तिच्या रक्ताचा आकडा वर सरकत होता. गप्प बसलो असतो तर सगळं होतं तसंच राहिलं असतं. पण काकूंनी डिश स्टॉलच्या टेबलावर टेकवली, डोशाचा तुकडा मोडला, सॉसमध्ये बुडवला आणि तोंडाकडे नेला. ज्या बाईने माझ्या पोरांना रोज दुपारी जवळ घेऊन भरवलं, तिचं व्रत माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं. अनुया हातभर अंतरावर होती. तिला बाजूला पाठवायला वेळ नव्हता.

“काकू, थांबा,” मी म्हटलं. “खाऊ नका. त्यात वांगं आहे.”

माईक काकूंच्या हातात चालूच होता. ‘वांगं आहे’ हे शब्द मांडवभर घुमले, वर गच्चीपर्यंत गेले. सगळी मुलं चावायची थांबली. कुणीतरी बारक्या आवाजात विचारलं, “अजून काय आहे?” आता सुरुवात केलीच होती. मी सांगून टाकलं. दुधी. लाल भोपळा. बीट. मग जे झालं त्याचं मी वर्णन करत नाही. सफाईचं काम करणाऱ्या मावशींना नंतर मी स्वतः मदत केली. एकटा विनायक खुर्चीवर चढून ओरडला, “मी वांगं खाल्लं! मी वांगं खाल्लं!” आणि त्याने दुसरा डोसा मागितला.

काकूंनी तो तुकडा हळूच डिशमध्ये परत ठेवला, माईक काकांना दिला आणि त्या घरी निघून गेल्या. अनुयाने चमचा सॉसच्या पातेल्यात ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “बाबा, तू रोज?”

“हो,” मी म्हटलं.

“रोज रोज?”

मी तव्याखालचा गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या हातचं खाणं सोडलं. आधी भाजी सोडली होती, आता सगळंच. भात बोटाने उलगडून बघायची. पाण्याचा पेला उजेडात धरायची. मग तिने स्वतःच एक मार्ग काढला. साल असलेल्या वस्तू खायच्या. केळं, संत्रं, उकडलेल्या शेंगा, आणि कवच न फोडता समोर ठेवलेलं उकडलेलं अंडं. “यात कुणाला काही घालता येत नाही,” असं ती विनायकला समजावून सांगत होती. मी दाराआडून ऐकलं. पोरगी निदान काही खातेय याचा आनंद मानायचा, की माझ्यापासून जपून खातेय याचं दुःख करायचं, मला काही कळेना. मिताली “मी म्हटलं होतं” असं एकदाही म्हणाली नाही. तिने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवारी मी काकूंकडे माफी मागायला गेलो. मुलं तिथेच होती. अनुया टेबलाशी गृहपाठ करत होती, मी आलो तशी तिने पाठ केली.

“काकू, माझं चुकलं. तुम्ही वांगं सोडलंय हे मला ठाऊक नव्हतं. पण निदान तुम्हाला आत काय आहे ते सांगायला हवं होतं.”

“मला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“अरे, जन्मभर भरीत केलंय मी. भाजल्या वांग्याचा वास मला कळणार नाही? पहिल्याच दिवशी कळला. मग म्हटलं, छे, टोमॅटो भाजून घातला असेल. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं ना!” त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. “काशीला जाऊन लोक कारलं सोडतात, फणस सोडतात. हे मला म्हणाले होते, पद्मजा, सोडायचं तर जीव अडकलेलं काहीतरी सोड, नाहीतर राहू दे. म्हणून मी वांगं सोडलं. आणि इथे रोज दुपारी बशी पुसून खात होते. वर माईकवर सांगितलं, डोळे मिटून खाते म्हणून. मिटलेच होते की!” त्या हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. “तू सांगितलंस ते फार बरं केलंस बाबा. मला ते जमलं नसतं.”

अनुयाची पेन्सिल थांबली होती. “आजी, तू पण लपवलंस?”

“हो गं बाई. मी पण.”

अनुयाने बराच वेळ आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तिच्या डोक्यात काहीतरी वेगळंच आलं असावं. “आजी, काशीला भाजी सोडता येते? कायमची?”

“येते.”

“मग कुणी आग्रह नाही करत? आईबाबापण नाही?”

“कुणीच नाही. सोडलं म्हणजे सोडलं.”

“बाबा!” सहा दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली. “आपण काशीला कधी जायचं? मला दुधी सोडायचाय.”

“मला पालक!” विनायक ओरडला. “आणि अंघोळ!”

“थांबा, थांबा,” काकू म्हणाल्या. “तिथे आवडतं तेच सोडायचं असतं. न आवडणारं सोडायला काशी कशाला हवी? ते तुम्ही इथे बसून सोडलंच आहे.”

अनुया विचारात पडली. पेन्सिलीचं टोक चावत राहिली. “म्हणजे दुधी आधी आवडावा लागेल.”

“हो तर.”

“मग आवडेपर्यंत खावा लागेल.”

“आता ते मला काय ठाऊक? वांगं मला पहिल्यापासून आवडायचं.”

मी काकूंकडे निरखून बघितलं. ही काही युक्ती आहे का? नव्हती. काकू अगदी खरं तेच सांगत होत्या. पण माझी मलाच भीती वाटली. मागच्या वेळीही मी गप्प राहिलो होतो. म्हणून म्हटलं, “अनुया, एक आहे. दुधी खरंच आवडायला लागला, तर मग सोडावासा वाटणार नाही बरं का. आधीच सांगतो.”

“ते माझं मी बघते,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिच्या देखरेखीखाली दुधीची भाजी झाली. चांगल्या मोठ्या फोडी, दिसतील अशा. ती ओट्याशी स्टुलावर उभी होती.

“यात काय काय आहे?”

“दुधी, हरभऱ्याची डाळ, मीठ, फोडणी. आणि गुळाचा खडा.”

“अजून?”

“अजून काही नाही.”

तिने एक फोड तोंडात टाकली. चेहरा असा केला की कुणालाही तिची कणव यावी. गिळली, वर पाणी प्यायली. “नाही आवडला,” ती म्हणाली. “उद्या परत.”

तेव्हापासून हे रोज चाललंय. “यात काय काय आहे?” ती विचारते, मी एकेक नाव घेतो, ती एक फोड खाते आणि निकाल सांगते. नाही आवडला, उद्या परत. एका फोडीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. काशीचं तिकीट कधी काढायचं ते ठरत नाही. कमलाकरकाकांनी मात्र कमिटीतर्फे सामुदायिक काशीयात्रेचा ठराव मांडलाय, त्यावर दोन हरकती आल्या आहेत.

काल अनुया चित्र काढत बसली होती, हात रंगाने माखलेले. मी चमच्यात दुधीची फोड घेऊन तिच्याजवळ गेलो. तिने काही विचारलं नाही. कागदावरून मान वर केली, डोळे मिटले आणि आ केला.

माझा हात तिथेच थांबला. “दुधी आहे गं,” मी म्हटलं.

“माहितीये,” डोळे न उघडता ती म्हणाली. “दे.”